उजवा गाल

१

"बाई, माह्या लहान्या सुनेचं तोंड कोणीतरी जाळलं," नूरुद्दीनभाऊ म्हणाले आणि ओट्यावर बसायचं सोडून उभेच राहिले.

मी तवा उतरवून बाहेर आले. फौजदार म्हणून निवृत्त होऊन मला बराच काळ लोटला, तरी राजुऱ्यात कुणाची कोंबडी हरवली तरी आधी साधना निमगडेचं दार वाजतं. ठाण्यात गेलं की कागद होतो, माझ्याकडे आलं की चहा होतो. पण नूरुद्दीनभाऊंनी चहालाही नको म्हटलं तेव्हा मला काळजी वाटली.

आमच्याच गल्लीच्या टोकाला त्यांचं गाद्या-रजया भरायचं दुकान आहे. बायको वारली आहे. मोठा मुलगा शहबाज कोळशाच्या ट्रकवर आहे, त्याची बायको जरीना. धाकटा जिशान मोबाईल दुरुस्त करतो, त्याची बायको तबस्सुम. ही तबस्सुम माझे ब्लाऊज शिवते आणि माझं माप दरवर्षी हसत हसत वाढवते.

"जाळलं म्हणजे? ॲसिड?"

"नाई. तिनं वांगावर लावाले मलम आणलं होतं, डॉक्टरच्या चिठ्ठीवर. त्याच्यात काहीतरी मिसळलं म्हणते जिशान. जरीनाचं नाव घेऊन राह्यला."

"अन् जरीना काय म्हणते?"

"काहीच म्हणत नाई, बाई. तेच तं." त्यांनी टोपी काढून हातात धरली. "जिशाननं शहबाजले फोन केला. उद्या तो ट्रक घेऊन येईन अन् जरीनाले अहेरीले, तिच्या माहेरी सोडून देईन. नाईतर जिशान ठाण्यात जाईन म्हणते."

लेकरू नसलेल्या सुनेला माहेरी सोडणं म्हणजे काय, हे मला कुणी समजवायला नको होतं. सोडायला ट्रक जातो, आणायला कुणी जात नाही.

"पुरावा काय आहे?" मी विचारलं.

भाऊंनी मान खाली घातली. "ट्यूब जरीनाच्या पेटीत सापडली."

२

तबस्सुम शिलाई मशीनपाशी बसली होती, पण मशीन बंद होतं. मी समोर बसले तर खिडकीतलं ऊन सरळ माझ्या डोळ्यांत. वैशाखातलं चंद्रपूरकडचं ऊन, त्याला पडद्याचीही भीड नाही. मी स्टूल ओढून सावलीत नेलं.

"हे मशीन तं मागच्या खोलीत होतं ना?"

"तिथी अंधार पडते म्हणून ह्यांनी खिडकीपाशी आणून देल्लं." तिनं ओढणी बाजूला केली.

मी खात्यात असताना खूप काही पाहिलंय, तरी आधी नजर खिडकीकडे वळवली. दोन्ही गालांवर तिला वांगाचे डाग होते, ते मला माहीत होते. डावा गाल लालसर होता, थोडी सालपटं निघाली होती. उजव्या गालाची मात्र कातडी सोलली होती, आणि कडा तळाला लागलेल्या दुधासारख्या काळ्या पडल्या होत्या. मूळ डागापेक्षा हा डाग मोठा आणि कितीतरी काळा होता.

"कधीपासून लावत होती?"

"होळीच्या बादमधी चंद्रपूरले गेलो होतो, तेव्हापासून. डॉक्टरीणबाई पुण्याकडच्या आहेत. लई गर्दी होती. दोन मलम लिहून देल्ले, ह्यांनी एकच आणलं."

"कधी लावाची?"

"रोज. दुपारचे जेवणं झाले की भाभी भांडे घासाले मागं जाते, तेव्हा कपाटाच्या आड जाऊन लावून घ्याची, अन् मंग मशीनवर बसाची."

"लपून काऊन? चोरी आहे का?"

ती पहिल्यांदा थोडी हसली, आणि गाल ओढला गेल्यामुळे लगेच कळवळली. "डॉक्टरीणबाईनंच तं सांगतलं आड लावाले. मले वाटलं, लई समजदार बाई आहे, आपल्या घरातलं बरोबर ओळखलं. भाभीनं पाह्यलं असतं तं टोमणा मारलाच असता. एकदा म्हणेबी, निकाह तं झाला ना, आता कोणासाठी रंग उजळून राह्यली?"

"जळजळ कधी सुरू झाली?"

"लवकरच. मले वाटलं, जळते म्हणजे दवा काम करून राह्यली. मंग अजून भरून लावली. कसं आहे बाई, मशीनवर बाया येतात, माप देतात अन् माह्या तोंडाकडे पाहतात. मले ते डाग लवकर घालवाचे होते."

मला तिचा राग आला आणि दयाही आली. खरं तर राग तिच्याकडे पाहणाऱ्या बायांचा यायला हवा होता, पण त्यांत मीही होतेच.

तिनं ट्यूब माझ्या हातात दिली. "मी नेहमी खालून गुंडाळत आणते, टोकाले केसाची पिन लावते. पाहा, पिन आहे. पण हे मधात कोणी दाबलं? अन् मी लावाची त्याच्यापेक्षा मलम जास्त सरत होतं."

खरंच, पिनेच्या वर ट्यूब मधोमध चिमटलेली होती. दोन हातांच्या दोन सवयी एकाच ट्यूबवर उमटल्या होत्या.

"माह्या मांगं कोणीतरी ह्या ट्यूबले हात लावत होतं," तबस्सुम म्हणाली. "अन् ह्या घरात भाभीशिवाय बाई कोण आहे?"

३

गोपालचं मेडिकल बसस्टँडजवळ आहे. मला पाहताच त्यानं पुढे मांडलेल्या गोरं करणाऱ्या क्रीमचा ट्रे काऊंटरखाली सरकवला. चोराच्या मनात चांदणं असतं, पण प्रत्येक चांदणं माझ्या कामाचं नसतं.

"ट्यूब सीलबंद होती, बाई," तो घाम पुसत म्हणाला. "चिठ्ठीवरच देल्ली. कंपनीचा माल आहे."

"चिठ्ठीवर दोन होत्या."

"दुसरी उन्हासाठी होती, सकाळी तोंडाले लावाची. जिशाननं नाई घेतली. म्हणे, घरात बसणारीले ऊन कुठी लागते?"

"अन् पहिली कशी लावाची ते सांगतलं का?"

"जिशानले सांगतलं ना! रात्री, झोपाच्या वेळी, वटाण्याएवढी, फक्त डागावर. पण त्याच्या कानाले मोबाईल होता. त्याच्या ध्यानात काय राह्यलं अन् काय नाई, देवाले माहीत."

मी वळले होते, तेवढ्यात गोपालनं आवाज खाली आणला. "बाई, एक सांगू का? माह्यावर येऊन राह्यलं म्हणून सांगतो. त्यांची मोठी सून आली होती दुकानात. स्कार्फनं पुरं तोंड झाकून. त्याच मलमाचं रिकामं खोकं दाखवलं."

"विकत घ्याले?"

"नाई. इतकंच विचारलं, ह्याच्यानं अंगाले काही नुकसान होते का?"

"तू काय म्हणाला?"

"दुकानात गिऱ्हाईक होते. म्हटलं काही नाई होत, सगळ्या बाया वापरतात."

बसस्टँडवरच्या धुळीत मी तशीच उभी राहिले. नुकसान होतं का, हे विचारून गेलेली बाई. कोर्टात हे एक वाक्य जरीनाला बुडवायला पुरलं असतं.

४

जरीना तिच्या खोलीत कपडे घडी करत होती. पंखा नावाला फिरत होता. टिनाच्या छताखाली अंगाची लाही होत होती, आणि हिनं घरातल्या घरात स्कार्फ वरून पार भुवयांपर्यंत आणि खालून नाकापर्यंत ओढलेला.

"पाहा बाई," जिशान दारातून ओरडला, "तोंड दाखवाची लाज वाटून राह्यली तिले!"

मी दार त्याच्या तोंडावर लावून घेतलं. असल्या कामात पुरुष बाहेर ठेवला की अर्धा तपास होतो.

"जरीना, तू त्या ट्यूबमधी काही मिसळलं का?"

"नाई."

"मंग ती तुह्या पेटीत कशी आली?"

ती ओढणीच्या घडीवर घडी घालत राहिली.

"गोपालले काय विचाराले गेली होती?"

तिचा हात थांबला.

"पोरी, उद्या तुले अहेरीले नेऊन टाकतील. तुह्या बाजूनं बोलाले मले काहीतरी पाह्यजे."

"नेऊ द्या." तिनं शांतपणे सांगितलं. मग विचारलं, "बाई, ट्रकनंच नेतील का? आलापल्लीच्या पुढं रस्त्यात लई गड्ढे आहेत म्हणतात. हळू नाई का नेणार?"

मी तिच्याकडे बघतच राहिले. घर जातंय, नवरा जातोय, आणि बाईला चिंता कशाची, तर खड्ड्यांची. नवल वाटलं, पण त्या नवलाचं काय करायचं ते तेव्हा मला सुचलं नाही. अक्कल वेळेवर आली असती तर पुढचं टळलं असतं.

अंगणात येऊन मी चंद्रपूरच्या डॉक्टरीणबाईंना फोन लावला. दवाखान्यातली मुलगी आधी देईना. मी जुना फौजदारी आवाज काढला, मग दिला.

बाईंना पेशंट आठवली. मी गालाचं वर्णन केलं तसा त्यांचा आवाज बदलला. "त्यांना ताबडतोब पाठवा. आणि ते औषध आजपासून पूर्ण बंद. उन्हात लावलं होतं का त्यांनी?"

"उन्हात नाई, घरातच. लपून. तुम्हीच तसं सांगतलं म्हणते."

"लपून? मी कशाला लपून सांगेन?"

"मंग तुम्ही नेमकं काय सांगतलं होतं? जसंच्या तसं सांगा."

"सगळ्यांना सांगते तेच. सकाळी दुसरी ट्यूब लावा. आणि हे औषध सुरुवातीला दिवसाआड लावा."

मी तिथेच पाट्यावर बसले.

५

शहबाज दुसऱ्या दिवशी जेवणाच्या वेळेला आला. कोळशानं काळा झालेला, डोळे तांबारलेले. जरीनाची पिशवी दारात होती. नूरुद्दीनभाऊ तिच्याकडे न पाहता तसबीहचे मणी ओढत होते. तबस्सुमला चंद्रपूरला न्यायला ऑटो सांगितला होता, पण मी म्हटलं, आधी दहा मिनिटं सगळ्यांनी इथे बसा.

"तबस्सुम, मशीनवर बैस. रोज बसते तशी."

ती बसली. खिडकीतलं ऊन तिच्या उजव्या गालावर पडलं, अगदी कापून ठेवल्यासारखं. डावा गाल भिंतीकडे, सावलीत.

"जिशान, ट्यूबमधी चुना असता, ॲसिड असतं, तं दोन्ही गाल सारखेच जळाले पाह्यजे होते ना? मलम दोन्ही गालाले तेच होतं. मंग हा एकच काऊन सोलला?"

सगळे त्या उन्हाकडे पाहत होते.

"हे मलम रात्रीचं आहे. ते लावलेली कातडी कवळी होते, तिले ऊन सोसत नाई. खिडकीतलंबी सोसत नाई. ही पोरगी भर दुपारी, थापून थापून लावाची अन् ह्या खिडकीत येऊन बसाची."

"पण डॉक्टरीणबाईनंच दिवसा सांगतलं!" तबस्सुम म्हणाली. "दिवसा, आड. दिवसा लावजो अन् आड लावजो."

"दिवसाआड, पोरी. एकच शब्द आहे. आज लावलं तं उद्या नाई, परवा लावाचं. आपण एक दिवस सोडून म्हणतो ना, ते. पुण्याकडच्या बाईनं एका शब्दात सांगतलं अन् तू त्याचे दोन केले."

तिचं तोंड उघडंच राहिलं. तिच्या घरात हिंदी बोलतात, बाहेर आमची मराठी. पुण्याचा शब्द तिच्या कानावर आला तरी केव्हा असणार? त्यात बिचारीला लपून लावायचं होतंच. आपल्याला हवं तेच डॉक्टर बोलली, असं तिला वाटलं. माणूस असाच ऐकतो.

"रात्री लावाची, हे गोपालनं जिशानले सांगतलं होतं," मी पुढे म्हटलं. "उन्हाची ट्यूबबी देत होता. घरात बसणारीले ऊन कुठी लागते, असं कोण म्हणालं होतं, जिशान? अन् मशीन खिडकीपाशी कोणी आणलं?"

जिशाननं खाली पाहिलं. कालपासून तो एवढा का ओरडत होता, ते मला आत्ता नीट कळलं. माणूस आपल्या चुकीला घाबरला की दुसऱ्याचं नाव जोरात घेतो.

"मंग ट्यूब हिच्या पेटीत कशी?" शहबाजनं विचारलं.

"जरीना, आता स्कार्फ सोड बेटा."

तिनं हळूच सोडला. कपाळावर आणि ओठाच्या वर फिकट, पुसत आलेले डाग होते.

"अल्ला, भाभी!" तबस्सुम म्हणाली. "होळीच्या वेळी किती काळे होते हे!"

"ट्यूब मधातून दाबणारी ही," मी सांगितलं. "रात्री न्याची, लावून परत ठेवाची, तं एकदा पेटीतच राह्यली. हिनं चोरून लावलं, म्हणूनच बरोबर लावलं गेलं. चोरी रात्रीच होते. तुले समजू नाई म्हणून थोडंच घेतलं, फक्त डागावर. अन् डाग झाकाले दिवसभर स्कार्फ ओढला, तं ऊनबी लागलं नाई. त्याच ट्यूबनं हिचे डाग गेले. मंग त्याच्यात जहर कुठून येईन?"

शहबाज हसायलाच लागला. रडण्याच्या अलीकडचं हसणं होतं ते. त्यानं दारातली पिशवी उचलून आत टाकली. नूरुद्दीनभाऊंची तसबीह थांबली. तबस्सुम म्हणाली, "मांगतलं असतं तं मीच देल्लं असतं, भाभी." मलाही जरा चढलंच. तेवढ्यात डॉक्टरीणबाईंचा फोन आला, पेशंट निघाली का म्हणून. मी मोठ्या ऐटीत सगळा उलगडा त्यांना ऐकवला.

"दुसऱ्या बाईंनीही लावलं?" त्या म्हणाल्या. "असं कुणाचं औषध कुणी लावायचं नसतं. त्यांना दिवस वगैरे नाहीत ना गेलेले? गरोदर बाईला मी हे देत नाही."

आणि मी, निवृत्त फौजदार साधना निमगडे, भरल्या घरात हसत हसत विचारून मोकळी झाले, "काऊन जरीना, दिवस-बिवस तं नाई ना गेले तुले?"

शब्द तोंडातून बाहेर पडत असतानाच मला सगळं दिसलं. रस्त्यातले गड्ढे. अंगाला नुकसान होतं का. आणि बाईच्या कपाळावर, ओठावर एकाएकी वांग कधी येतो, हे तर माझ्या आईनंही सांगितलं असतं.

जरीनानं दोन्ही हात पोटावर ठेवले.

६

"बंद करा, लगेच," डॉक्टरीणबाई फोनवर सांगत होत्या. "घाबरवू नका त्यांना. थोडं लावलंय, बहुतेक काही होणार नाही. पण त्यांच्या डॉक्टरांना सगळं सांगा आणि सोनोग्राफी करून घ्या." बहुतेक, हा शब्द मी आयुष्यात हजारदा वापरला असेल. त्या दिवशी तो मला पुरला नाही.

जिशान तबस्सुमला घेऊन ऑटोत बसला. जाताना ती जरीनाच्या गळ्यात पडली, सोललेला गाल तिच्या खांद्याला लागू नये म्हणून मान वाकडी करून. शहबाज भिंतीला टेकून बायकोकडे बघत होता, जणू तिला नव्यानं आणलं होतं. त्यालाही तिनं सांगितलं नव्हतं.

मी जरीनाच्या मागे स्वयंपाकघरात गेले.

"अगं, एवढी आनंदाची गोष्ट. जीव गेला तरी बोलली काऊन नाई? अहेरीले जायले तयार झाली!"

"चौथा सरून राह्यला, बाई." ती चुलीकडे पाहून बोलत होती. "ह्याच्या आधी दोन बखत असंच झालं. दोन्ही बखत तोंडावर डाग आले अन् मोहल्ल्यातल्या बायांनी पाहूनच ओळखलं. मुबारक झालं, मिठाई झाली. मंग पडलं. मंग त्याच बाया पुन्हा आल्या, अफसोस कराले. एकीनं तं मिठाईचा डबा वापस मांगतला." तिनं तोंड पुसलं. "ह्या बखत कोणाले समजूच द्याचं नव्हतं. डाग दिसले की ओळखतील, म्हणून डागच मिटवत होती. गोपालभाऊले विचारलं होतं मी. तो म्हणे काही नाई होत."

"त्याले माहीत नव्हतं, पोरी."

"कोणालेच माहीत नव्हतं. तेच तं पाह्यजे होतं मले."

मी तिला समजावत राहिले. डॉक्टर काय म्हणाली, थोड्यानं काही होत नाही, सोमवारी मी स्वतः सोनोग्राफीला येते. ती हो हो म्हणत होती. मग तिनं मला एकच प्रश्न विचारला, अगदी साध्या आवाजात.

"बाई, तुम्ही मले वाचवलं. पण मी अहेरीले गेली असती, तं माह्या मायजवळ चुपचाप नऊ महिने भरले असते का?"

खात्यात उत्तर नसलं की आम्ही फाईल बंद करायचो. इथे बंद करायला फाईलही नव्हती.

शहबाज बाहेर कुणाशी तरी बोलत होता. बिचाऱ्याला आनंद आवरला नसेल, त्याला तरी काय म्हणायचं. पदर सावरत शेजारची गिरजाबाई आत आली, हातात साखरेची वाटी.

"आवं जरीना, ऐकलं ते खरं का वं? तोंड उघड, आधी गोड खा!"

जरीनानं माझ्याकडे पाहिलं. मग तोंड उघडलं.